ओढ्याकाठची अंडी

३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारू नकोस. आमच्या या खळग्यात फोन म्हणजे निम्मं बोलणं वाऱ्यावर. परवा मी बदकांचं सांगत होते आणि तुला वाटलं मी कुणाच्या तरी लग्नाचं सांगतेय. तेव्हा म्हटलं, लिहिलेलंच बरं.

इकडे सगळं ठीक. तुझे काका कोळशाच्या खाणीवर डंपर चालवून येतात, पाठ धरली म्हणून कण्हतात आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की पाठ लगेच बरी होते. घराची मागची भिंत खाणवाल्यांनी रंगवून दिली. रंग विचारला नाही, त्यामुळे आता आमचं घर पोस्टाच्या पेटीसारखं दिसतं.

काळजी आहे ती बदकांची. यंदा तीन माद्या अंड्यांवर बसल्या. बहुतेक अंडी आतल्या आत गेली. जी फुटली त्यातल्या एका पिल्लाची वरची चोच खालचीला भेटतच नव्हती. दुसऱ्याला डोळेच नव्हते. जिथे डोळे असायचे तिथे नुसती कातडी. ठमी, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बदकं पाळतेय. मेलेली पिल्लं पाहिली आहेत, मांजरानं नेलेली पाहिली आहेत. अशी नाही पाहिली. मी ती परसात पुरली.

शेजारची शिवणवाली म्हणते, नर म्हातारा झालाय. नर मी गेल्याच वर्षी बदलला. त्यावर तुझे काका जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तू कोळ्यांवर डॉक्टर झालीस तेव्हा तुझ्या आईला वाटलं होतं, निदान माणसांना इंजेक्शन तरी देशील. ते असो. पण ओढ्याकाठचे कोळी-किडे तुझ्याइतके कुणी उलटेपालटे केले नसतील. तर सांग, माझ्या बदकांना झालंय काय? बेकरीवाला दर आठवड्याला केकसाठी टोपलीभर अंडी नेतो, कॉलनीतल्या पोरांना मी घरोघर देते. तडकलेली विकता येत नाहीत, ती माझ्या पोटात जातात. एकूण आमचं घर अंड्यांवर उभं आहे म्हण.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, तिची पोच तेवढी देत जा.

तुझी,
मावशी

*

११ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लग्नाचं मला खरंच तसं ऐकू आलं होतं, आणि मी घाबरले होते की ते माझंच ठरवलंस की काय.

आता थट्टा बाजूला. मला काही गोष्टी नीट सांग. बदकं दिवसभर असतात कुठे? तू त्यांना दाणा किती घालतेस आणि ती स्वतः ओढ्यात किती चरतात? ओढ्याच्या वर, जिथे खाणीतली दगडमाती आणून ओततात, त्या ढिगाच्या पायथ्यापासून तुमचं घर किती लांब? आणि ढीग वाढत गेला तो गेल्या किती वर्षांत?

आणखी एक काम. या आठवड्यातली थोडी ताजी अंडी आणि न फुटलेली जी असतील ती, वेगवेगळ्या डब्यांत, लाकडाच्या भुशात घालून बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठव. ओढ्याचं पाणीही एका स्वच्छ बाटलीत दे. यापुढे असं पिल्लू निघालं तर पुरू नकोस, पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेव. काका ओरडतील. त्यांना सांग, डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद आहे.

मी अजून काहीच नक्की म्हणत नाही. पण चोच वाकडी आणि डोळे नसलेली पिल्लं मी पुस्तकांतल्या फोटोंत पाहिली आहेत, आणि त्या फोटोंखाली काय लिहिलं होतं ते मला आठवतं. म्हणून एक विनंती. उत्तर येईपर्यंत अंडी विकायची थांबवलीस तर मला झोप लागेल.

काकांना नमस्कार. पाठ खरीच दुखत असेल तर दाखवा म्हणावं.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच,
ठमी

*

२० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अंडी पाठवली. ड्रायव्हर विचारत होता डब्यात काय आहे, तर तुझ्या काकांनी सांगितलं बाँब. मग त्यानं ते मांडीवर घेऊन गाडी चालवली म्हणे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. दाणा मी सकाळी मूठभर घालते, तो आपला नावापुरता. बाकी दिवसभर ती ओढ्यात. दगड चोचीनं उलथायचे, खालच्या अळ्या मटकवायच्या. संध्याकाळी तर मजाच असते. ऊन कललं की पाण्यातून बारीक पंखांचे किडे उठतात, धुरासारखे. बदकं माना वर करून नुसती चट चट करत सुटतात. काठच्या झुडपांत कोळ्यांनी इतकी जाळी विणलीत की सकाळी तिकडून गेलं तर तोंडाला पडदा लागतो. तू असतीस तर तिथेच बिछाना टाकला असतास.

ढीग आमच्या घरापासून चालत गेलं तर दम लागण्याआधी येतो. तुझे काका इथे लागले तेव्हा तो टेकाडाएवढा होता. आता त्याच्यामागे सूर्य लवकर मावळतो.

पण पाणी वाईट नाही, हे तुला सांगते. खाणीच्या फाटकावर दर महिन्याला तपासणीचा कागद लावतात. सगळं मर्यादेत. काका म्हणतात, पाण्यात खोट असती तर आधी मासे मेले असते, आणि मासे दिसतात. आहेत कमी, पण दिसतात.

विकायचं थांबवलं नाही. रागावू नकोस. तू नक्की काही म्हणत नाहीस, आणि मी बेकरीवाल्याला काय सांगू, की माझ्या भाचीनं एक फोटो पाहिलाय म्हणून?

बाकी माझं वय झालं बघ. केस मूठमूठ गळतायत आणि नखं कागदासारखी दुमडून तुटतात. शिवणवालीनं कसलंसं तेल दिलंय. त्याच्या वासानं काका बाहेरच्या खोलीत झोपतात, एवढाच त्याचा गुण.

उत्तर लवकर दे. वाट बघायची मला सवय आहे, पण आवड नाही.

तुझी,
मावशी

*

४ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. चहा बाजूला ठेव.

तू पाठवलेलं पाणी स्वच्छ आहे. फाटकावरचा कागद खोटा नाही. पण अंड्यांत सेलेनियम नावाचं द्रव्य आहे, आणि ते इतकं आहे की मी तपासणी पुन्हा करायला लावली. दुसऱ्यांदाही तेच आलं.

सेलेनियम हे काही परकं विष नव्हे. ते शरीराला कणभर लागतं. पण कणभर आणि थोडं जास्त यांच्यातली भिंत फार पातळ आहे. कोळशाबरोबर जो दगड फोडून बाहेर काढतात त्यात ते असतं. ढिगावर पाऊस पडतो, पाणी त्यातून झिरपतं आणि ओढ्याला मिळतं. पाण्यात ते फार थोडं सापडतं, म्हणून कागदावर सगळं मर्यादेत. पण दगडावरचं शेवाळ ते पाण्यातून ओढून स्वतःत साठवतं, शेकडो पटींनी. शेवाळ अळ्या खातात. अळ्यांना पंख फुटतात, त्या संध्याकाळी उडतात, आणि विषही त्यांच्याबरोबर पाण्यातून बाहेर पडून काठावर येतं. कोळ्यांच्या जाळ्यात, पाखरांच्या पोटात. आणि बदकाची मादी अंडं घडवते तेव्हा ते पिल्लासाठी म्हणून त्यात भरते. तिला काय ठाऊक. आपल्याकडचं सगळं चांगलं ती पिल्लाला देऊ बघते, त्यातच हेही जातं.

आता ऐक. आज, हे पत्र खाली ठेवल्यावर, अंडी विकणं बंद कर. आणि तू स्वतः एकही खाऊ नकोस. तडकलेलंही नाही. केस आणि नखांचं तू गमतीनं लिहिलंस, मी ते चारदा वाचलं. वय नाही झालं तुझं. रक्ताची तपासणी करून घे, डॉक्टरांना दाखवायला सोबत चिठ्ठी दिली आहे. कॉलनीतल्या पोरांनी तुझ्याइतकी खाल्ली नसतील, त्यांना बहुधा काही होणार नाही. खाणं थांबलं की शरीर ते हळूहळू टाकून देतं. पण बहुधा या शब्दावर मला पोरांना ठेवायचं नाही.

विद्यापीठातले आमचे सर म्हणतात, एका घरची अंडी म्हणजे पुरावा नव्हे. बरोबर आहे त्यांचं. म्हणून मी जाळी, बाटल्या आणि दोन विद्यार्थिनी घेऊन येत्या शनिवारी येते आहे. चिखलापासून कोळ्यांपर्यंत सगळं तपासायचं आहे. काकांची अडचण होणार असेल तर आम्ही गावातल्या लॉजवर राहू.

रागावलीस तरी चालेल. मायेनं रागाव.

तुझी,
ठमी

*

८ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

बेकरीवाल्याला मीच जाऊन सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं. तो आधी हसला, मग त्याचं तोंड उतरलं, मग त्यानं मला विचारलं की हे अजून किती जणांना सांगणार आहेस. मी म्हटलं, ज्यांनी ज्यांनी माझी अंडी खाल्ली त्या सगळ्यांना. घरोघर गेले. कुणी खुर्ची दिली, कुणी दारातूनच ऐकलं. शिवणवालीनं माझ्या तोंडावर विचारलं की ओढ्याला नाव ठेवून उद्या खाण बंद पडली तर तिच्या नवऱ्याला मी पोसणार का. तिच्या कोंबड्याही त्याच काठावर चरतात. तेही मी सांगितलं. त्यानंतर ती बोलत नाही. आमच्या दोन परसांमधलं फाटक तिनं तारेनं बांधून टाकलं.

काकांना खाणीच्या मॅनेजरनं बोलावलं होतं. ओरडला नाही म्हणे, चहा पाजला. एवढंच म्हणाला की कॉलनीतली घरं आपल्या माणसांसाठी असतात. दोन वर्षं राहिलीत काकांच्या निवृत्तीला. तुझ्यावर नाही, माझ्यावर रागावलेत बहुतेक. की स्वतःवर, कोण जाणे.

माझं रक्त दिलं. टोचणारीला शीर सापडत नव्हती, शेवटी मीच दाखवली.

लॉजचं नाव काढलंस तर याद राख. तू आणि तुझ्या पोरी इथेच राहायचं. अंथरुणं उन्हात घातली आहेत. जे व्हायचं ते पोस्टाच्या पेटीत बसून होऊ दे.

ये. सांभाळून ये.

तुझी,
मावशी

*

२ मे

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो, पत्राला मात्र उशीर झाला. दोघी पोरी अजून तुझ्या हातच्या सूपचं नाव काढतात. मी त्यांना म्हटलं, ओढ्यात कंबरभर उभं राहिल्यावर गरम पाणीही अमृत लागतं. पण हे मावशीला सांगू नका.

काका आमच्याशी चार शब्द बोलले नाहीत, ओढ्यावर फिरकलेही नाहीत. पण आमचा किडे पकडायचा दिवा बंद पडला तेव्हा सकाळी तो दुरुस्त होऊन उंबऱ्यावर ठेवलेला होता. वायर त्यांच्या डंपरमधलीच दिसत होती. मी आभार मानायला गेले तर ते वर्तमानपत्रात शिरले.

निकाल आले. ढिगाच्या वर, जिथे ओढा अजून खाणीला भेटत नाही, तिथल्या अळ्या, कोळी, सगळं ठीक. ढिगाच्या खाली गेलं की चिखलात वाढलेलं, अळ्यांत त्याहून, कोळ्यांत तर फारच. पुलाखालच्या पाकोळ्यांची अर्धीअधिक घरटी रिकामी होती. न फुटलेली अंडी तपासली, त्यांतही तेच. म्हणजे तुझी बदकं एकटी नाहीत. त्यांचं निदान कुणी तरी बघितलं, पाकोळ्यांचं बघायला कुणी नव्हतं.

तुझ्या रक्तातही वाढलेलं आहे, पण डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे ते उतरेल. अंडी बंद आहेत ना? खरं सांग.

आता महत्त्वाचं. तुमच्या ओढ्याच्या उगमाशी दुसरा ढीग टाकायचा अर्ज खाणीनं केला आहे. म्हणजे आज जो वरचा भाग स्वच्छ आहे, तोही जाईल. त्याची सुनावणी जूनमध्ये तुमच्याच शाळेच्या हॉलमध्ये आहे. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, काम पक्कं आहे, पण छापून यायला वर्ष लागेल, तोवर विद्यापीठाच्या नावानं बोलता येणार नाही. मी म्हटलं, रजा काढून स्वतःच्या नावानं बोलते. मग नियम वाचला. हॉलमध्ये फक्त तिथल्या रहिवाशांना बोलता येतं. मी कागद देऊ शकते, मागे बसू शकते, तोंड उघडू शकत नाही.

मावशी, मला तुला हे विचारायचं नव्हतं. तुझं घर त्यांचं आहे आणि काकांची नोकरी त्यांची आहे. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. पण बोलू शकेल असं मला तिथे दुसरं कुणी माहीत नाही.

तुझ्या हो-नाहीवर माझी माया अवलंबून नाही, हे लक्षात ठेव.

तुझी,
ठमी

*

१४ मे

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तुझी मावशी लिहीत नाही, मी लिहितो आहे. पत्राची सवय नाही. चुकलं तर तुझ्या कोळ्यांनाही दाखवू नकोस.

ती आठवडाभर भांडी आपटते आहे. विचारलं तर म्हणते काही नाही. मग मी तुझं पत्र वाचलं, पिठाच्या डब्यामागे होतं.

मला मॅनेजरनं पुन्हा बोलावलं होतं. या वेळी चहा नव्हता. त्यानं घराचं सरळच विचारलं. मी म्हटलं, साहेब, घर तुमचं आहे, बायको माझी आहे, आणि ती माझंही ऐकत नाही. एवढं बोलून आलो. उत्तर चांगलं सुचलं म्हणून बरं वाटलं, पण रात्री झोप आली नाही.

आता मुद्द्याचं. तुझं म्हणणं मला पटलं आहे. ती पिल्लं मीही पाहिली होती. पण या खाणीवर चारशे घरं जगतात. आमच्या माणसांपुढे उभं राहून नुसतं वाईट आहे, वाईट आहे म्हटलं, तर लोक आमच्याकडे पाठ फिरवतील आणि त्यांचं चुकणार नाही. आजारी माणसाला तू आजारी आहेस एवढंच सांगून उठून जाणारा डॉक्टर काय कामाचा?

तर मला सांग, यावर उपाय आहे का? असेल तर काय मागायचं? मला समजेल अशा भाषेत लिही. कोळसा निघायला हवा आणि पिल्लांना डोळे यायला हवेत, अशी काही वाट असेल तर तुझी मावशी बोलेल आणि मी तिच्या शेजारी उभा राहीन. कामावरच्याच कपड्यांत राहीन. मी कुणाचा माणूस आहे ते लोकांना दिसलं पाहिजे.

पाठ खरीच दुखते. हे तिला कळवू नकोस.

तुझा,
काका

*

१९ मे

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी टेबलावर ठेवलं आहे. आमच्या सरांनीही वाचलं. त्यांना डॉक्टरचं वाक्य लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी निकालांच्या प्रतींवर स्वतःची सही करून दिली. छापून यायची वाट न बघता.

वाट आहे. सोपी नाही आणि लवकरची नाही, पण आहे.

विष सुटतं ते दगडातून पाणी आणि हवा फिरल्यामुळे. म्हणून आहे त्या ढिगावर चिकणमातीचा जाड थर दाबून बसवायचा, वर गवत लावायचं. पावसाचं पाणी आत शिरण्याऐवजी वाहून गेलं पाहिजे. डोंगरावरून येणारं स्वच्छ पाणी ढिगातून जाऊ न देता बाजूनं चर काढून वळवायचं. तरी जे झिरपेल ते टाक्यांत धरायचं. तिथे काही जिवाणू सेलेनियम पाण्यातून काढून गाळात बसवतात. हे सगळं दुसऱ्या खाणींवर केलेलं आहे. आणि नवा ढीग उगमाशी नको. जुन्या, खणून झालेल्या खड्ड्यात टाका. तिथे तो पाण्याखाली बुडवून ठेवता येतो, म्हणजे हवा लागत नाही.

शेवटची मागणी सगळ्यात महत्त्वाची. नुसतं पाणी तपासून भागणार नाही. अळ्या, कोळी आणि अंडी तपासा, दर वर्षी. ओढ्याची तब्येत पाण्यात दिसत नाही, पाण्यावर जगणाऱ्यांत दिसते.

खर्च होईल. पण खाण बंद करावी लागणार नाही. हे काम करायलाही डंपर लागतील, आणि डंपरला ड्रायव्हर.

मी मागच्या रांगेत असेन. पाठीचं मावशीला कळवणार नाही, पण तुम्ही डॉक्टरकडे गेला नाहीत तर कळवीन.

आपली,
ठमी

*

१२ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

सुनावणीला तू मागे बसली होतीस, पण मधेच रडत बाहेर गेलीस असं तुझ्या पोरींनी फोडलं, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. शिवाय आता निर्णयही आलाय.

तू टाइप करून दिलेल्या कागदावरची अक्षरं मला ऐनवेळी लागेनात. आधी मॅनेजर बोलला. छान बोलतो, हसरा आहे. त्यानं ओढ्याचं पाणी बाटलीतून आणलं होतं. सगळ्यांसमोर ग्लासात ओतलं आणि एका दमात पिऊन टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवणवालीनं सगळ्यात जोरात.

मग माझं नाव पुकारलं. मी कागद तुझ्या काकांच्या हातात दिला आणि आपलं सुचेल ते बोलले. म्हटलं, साहेब पाणी प्यायले ते बरं केलं, पाणी चांगलंच आहे, माझ्या भाचीनंही तेच सांगितलं. पण माझी बदकं नुसत्या पाण्यावर जगत नाहीत. ती पाण्यात जे वाढतं ते खातात, आणि त्यांच्या अंड्यांवर मी जगले, तुम्हीही थोडेफार जगलात. मग मी पिल्लांचं सांगितलं. चोच कशी होती, डोळे कसे नव्हते. 

एवढ्यात मागून कुणी तरी ओरडलं की साहेबांना एक अंडं उकडून द्या, बघू खातात का. लोक हसले. मॅनेजरचा चेहरा पडला आणि खरं सांगते, मला क्षणभर मोह झाला. घरी टोपलीत अंडी होतीच, तुझ्या तपासणीसाठी ठेवलेली. पण मी म्हटलं, नाही. जे मी कॉलनीतल्या पोरांना देणं बंद केलं ते मी कुणालाही देणार नाही, साहेबांनाही नाही. यात हसण्यासारखं काही नाही. मी इथे कुणाला हरवायला आले नाही. मला माझा ओढा परत हवाय.

तेव्हाच तू बाहेर गेलीस म्हणे. मी आपली समजत होते की भाषण आवडलं नाही.

मग काका उठले. खाणीचेच कपडे, काखेत हेल्मेट. एकेक मागणी वाचली, सावकाश, डंपर उलटा घेतात तसं. शेवटी म्हणाले की हा ढीग आम्ही टाकला, तो झाकायलाही आम्हीच येऊ, फक्त आम्हाला तसं सांगा. खाणीवरची माणसं उभी राहिली. टाळ्या नाही वाजवल्या, नुसती उभी राहिली. एवढ्या वर्षांत मी यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं नव्हतं. घरी आल्यावर मी तसं सांगितलं, तर म्हणतात कसे, उभा राहून पाठ आखडली.

परवा निर्णय आला. उगमाशी नवा ढीग टाकायला परवानगी नाही. जुना झाकायचा, चर काढायचे, त्यासाठी मुदत दिली आहे. टाक्यांचं मात्र पुढे ढकललं, अभ्यास करू म्हणतात. अळ्या आणि अंडी दर वर्षी तपासायची, हे मान्य. म्हणजे सगळं नाही मिळालं. पण हातात काहीच नव्हतं तिथून एवढं झालं. टाक्यांसाठी मी पुन्हा उभी राहीन, आता सवय झाली.

घराचं म्हणशील तर काढायला कुणी आलं नाही. पण काकांना मोठ्या डंपरवरून काढून गोदामाच्या फाटकावर बसवलंय. ते म्हणतात, खुर्ची बरी आहे. वाईट वाटलंय त्यांना, मला कळतं. तू आलीस की त्यांना डंपरबद्दल काही तरी विचार, तासभर सांगत बसतील.

आमचा जीव थोडा तुझ्याकडे असतोच, बाकीचा इथे कामाला लावलाय.

तुझी,
मावशी

*

३० ऑगस्ट

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आधी. बदकं ओढ्यापासून तोडून, विहिरीचं पाणी आणि विकतचा दाणा यांवर ठेवल्यानंतरची जी अंडी तू पाठवलीस, ती स्वच्छ आहेत. अगदी ढिगाच्या वर, स्वच्छ ओढ्याकाठी राहणाऱ्या पाखरांच्या अंड्यांइतकी. मादीच्या अंगातून ते लवकर निघून जातं, हे पुस्तकात वाचलं होतं. तुझ्या टोपलीत पाहिल्यावर विश्वास बसला.

तू विकायला सुरुवात करू शकतेस. मी बेकरीवाल्याच्या नावानं वेगळं पत्र देते, हवं तर.

ओढ्याचं मात्र लवकर होणार नाही. ढीग उद्या झाकला तरी चिखलात साठलेलं आहे. वर्षं लागतील. हे तुला गोड करून सांगता आलं असतं, पण तू मला अंड्यांबद्दल खरं सांगितलं होतंस.

एक अडचण आहे. दर वर्षीच्या तपासणीसाठी सरकार फक्त एका घरची अंडी धरतं आहे. तेवढ्यानं काही कळणार नाही. काठावरच्या आणखी घरांनी अंडी दिली तर चित्र स्पष्ट होईल. पण ते घाबरतात, हे मला समजतं. तुझं झालेलं नुकसान त्यांनी पाहिलं आहे. तू यात पडू नकोस, मी काही तरी मार्ग काढते.

तुझ्या नव्या नखांना माझा नमस्कार.

तुझी,
ठमी

*

७ सप्टेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मी यात पडू नको म्हणे. तू लहानपणी स्वयंपाकघरात येऊ नको म्हटल्यावर जेवढं ऐकायचीस तेवढंच मी ऐकलं.

बेकरीवाल्याला पत्राची गरज पडली नाही. तो आपण होऊन आला आणि टोपली पुढे केली. म्हणाला, जी बाई स्वतःची अंडी वाईट आहेत म्हणून दारोदार सांगते, ती चांगली आहेत म्हणाली तर त्याला आणखी कुणाचा शिक्का नको.

आणि काल सकाळी मी परसात होते, तर मधल्या फाटकाशी खडखड झाली. शिवणवाली पक्कड घेऊन तार सोडवत होती. तीच तार, जी तिनं बांधली होती. सुटेना, हाताला लागलं, तरी मला हाक मारेना. शेवटी मी गेले आणि दुसरं टोक धरलं. तार निघाली तशी तिनं पदराखालून भांडं काढलं. कोंबड्यांची अंडी होती. तिची सून पोटुशी आहे, दुसरा महिना. बघून सांग एवढंच म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून रडली. मी तिला चहा दिला. माझी तपासलेली अंडी सुनेसाठी दिली, आणि सांगितलं की तुझ्या कोंबड्यांचा निकाल येईपर्यंत रोज इथून न्यायची.

मग आम्ही दोघी मिळून निघालो. ती बरोबर असली की दारं पटकन उघडतात, तिची जीभ सगळ्यांना माहीत आहे. काठावरच्या नऊ घरांनी अंडी दिली. दोघांनी नाही म्हटलं, त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ. प्रत्येक डब्यावर घर आणि जागा लिहिली आहे, भुसा घातला आहे, उद्याच्या बसनं येतील. खोकं जड झालंय. स्टँडवर तुझ्या दोघी पोरींना पाठव, एकटीच्यानं उचलणार नाही.

आणि रिकामे डबे परत पाठव. आम्हाला लागणार आहेत.

तुझी,
मावशी